टाटा-मर्सिडीज ३१२ : ट्रकचे साल आणि मूळ इंजिन ठरवण्याच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

ट्रक कराडजवळच्या एका गुऱ्हाळामागे कित्येक वर्षे उभा आहे. गोल नाकाचे बॉनेट, लाकडी केबिन, मागे उसाच्या वाहतुकीसाठी वाढवलेला हौदा. मालक काकांच्या घरात गाडी ‘चौपन्न सालच्या पहिल्या लॉटमधली’ म्हणून ओळखली जाते. आरसी बुकात मात्र उत्पादनाचे वर्ष १९७१ आहे. या दोन सालांमध्ये सतरा वर्षांचे अंतर आहे आणि त्यातून निघणारे दोन ट्रक अगदी वेगळे आहेत.

टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला ट्रक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाहेर पडला आणि १९६९ मध्ये करार संपेपर्यंत या गाड्या टाटा-मर्सिडीज-बेंझ नावाने, नाकावर तीन टोकांचा तारा घेऊन रस्त्यावर आल्या. सुरुवातीच्या ३१२ ट्रकमध्ये ओएम ३१२ हे सहा सिलिंडरचे, ४.५८ लिटरचे, पूर्वज्वलन कक्ष (डिझेल आधी जिथे पेटते तो सिलिंडरला जोडलेला छोटा कप्पा) असलेले डिझेल इंजिन होते. पुढच्या काळातील टाटांच्या ६९२ इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. दोघांची हेड, पिस्टन आणि नोझल एकमेकांना चालत नाहीत. म्हणून साल आणि मूळ इंजिन ठरेपर्यंत एकाही सुट्या भागाची मागणी नोंदवायची नाही, असे काकांशी ठरवून काम सुरू केले आहे.

१४ जानेवारी

बाहेरून जे दिसते त्याची आज नोंद केली. बॉनेटच्या नाकावर तारा नाही, पण तो बसवण्याची भोके पुटीन भरून बुजवलेली सापडली. यावरून बॉनेट १९६९ पर्यंतचे आहे एवढेच म्हणता येते. बॉनेट चार बोल्ट काढून दुसऱ्या गाडीला चढते, त्यामुळे ट्रकच्या वयाबद्दल ते साक्ष देत नाही.

केबिनचाही उपयोग नाही. त्या काळी कारखान्यातून बॉनेट आणि चासी एवढेच मिळत असे, केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार आणि बॉडी बिल्डर बांधत. काचेवरच्या फळीवर ‘नॅशनल परमिट’ रंगवलेले आहे आणि रंगाचा पोपडा उडालेल्या जागी खाली ‘पब्लिक कॅरियर’ अशी पिवळी अक्षरे दिसतात. नॅशनल परमिटची योजना १९७५ ची, तेव्हा वरची अक्षरे त्यानंतरची ठरतात, फळीचे वय मात्र त्यावरून ठरत नाही. स्टार्टरवर लुकास-टीव्हीएसची पट्टी आहे. ती कंपनीच १९६१ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे गाडी पन्नाशीच्या दशकातील असेल तर स्टार्टर नंतरचा, एवढाच निष्कर्ष निघतो. पन्नास-साठ वर्षे कामाला जुंपलेल्या ट्रकवरचा सहज निघणारा कोणताही भाग वयाचा पुरावा धरता येणार नाही, हे सूत्र यापुढे पाळायचे आहे.

२१ जानेवारी

बॉनेट उघडल्यावर केबिनच्या पुढच्या पत्र्यावर कारखान्याची माहितीपट्टी आहे, पण तिच्यावर निळ्या, लाल आणि पुन्हा निळ्या रंगाचे जाड थर होते. कोपऱ्यावर पाण्याचा पॉलिश पेपर घासून पाहिला तेव्हा रंगाबरोबर छापील काळी शाईही निघू लागली, म्हणून ते लगेच थांबवले. त्यानंतर पेंट रिमूव्हर कापसाच्या बोळ्याने लावून, दहा मिनिटे थांबून, बांबूच्या चपट्या कामटीने एकेक थर उचलला. लोखंडी खरवडणी वापरू नये, कारण पट्टी ॲल्युमिनियमची आणि ठोकलेले आकडे फार उथळ असतात. या कामात अख्खी दुपार गेली, पण पट्टी वाचता आली.

वरच्या ओळीत टाटा-मर्सिडीज-बेंझ आहे आणि खाली कंपनीचे पूर्ण नाव: टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. या नावातील शब्दांचा क्रम फार मोलाचा आहे. १९४५ मध्ये कंपनी स्थापन झाली ती टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनिअरिंग कंपनी म्हणून, कारण तिचे पहिले काम रेल्वे इंजिने बांधण्याचे होते. सप्टेंबर १९६० मध्ये नाव बदलून इंजिनिअरिंग हा शब्द पुढे आला. म्हणजे ही पट्टी १९६० च्या शरद ऋतूआधी छापलेली असणे शक्य नाही आणि मर्सिडीज-बेंझच्या उल्लेखामुळे ती १९६९ नंतरचीही नाही. पहिल्या लॉटचा दावा आणि आरसी बुकातील १९७१ हे साल, दोन्ही या एका पट्टीने मोडीत काढले.

मात्र एक खटकणारी गोष्ट आहे. पट्टी रिव्हेटने बसवलेली नसून दोन साध्या स्क्रूंवर आहे. पत्र्याच्या कामासाठी ती कधीतरी काढली असेल किंवा दुसऱ्या गाडीवरची इथे आली असेल. चासीवर ठोकलेला क्रमांक जुळल्याशिवाय पट्टी प्रमाण मानायची नाही.

४ फेब्रुवारी

चासीचा क्रमांक उजव्या लांब पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. तिथे ग्रीस, माती आणि रेड ऑक्साइडचे मिळून बोटभर कवच होते. रॉकेलमध्ये भिजवलेली पोती रात्रभर गुंडाळून ठेवली, सकाळी लाकडी पट्टीने चिखल काढला, मग रिमूव्हर आणि शेवटी हाताचा तारेचा ब्रश. मदतीला आलेल्या मिस्त्रींनी ग्राइंडर आणला होता. तो लावू दिला नाही. ग्राइंडरच्या चकतीने दोन मिनिटांत जागा लख्ख होते, पण आकडेही जातात आणि आरटीओच्या नजरेत ती खोडलेल्या क्रमांकाची गाडी ठरते. हे नुकसान पुन्हा भरून काढता येत नाही.

क्रमांक ३१२ ने सुरू होतो. पुढचे आकडे डोळ्यांनी वाचता येत नव्हते, तेव्हा ओला खडू त्या जागी चोळला, वाळू दिला आणि वरवर कोरड्या फडक्याने पुसला. खडू खाचांत राहिला आणि आकडे पांढरे उमटले. शेवटून तिसरा आकडा तीन की आठ हा प्रश्न तरीही सुटला नाही. पासिंगच्या कागदांना लावतात तसा पातळ कागद ठेवून पेन्सिलचा छाप घेतला, तोही संदिग्ध आला. अखेर अंधार पडल्यावर बॅटरी पट्टीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा टाकला. तीनच्या डावीकडे गंजाचा खड्डा आहे आणि त्याची कड वेडीवाकडी आहे. ठोकलेल्या आकड्याची कड सरळ असते आणि तळ सपाट असतो. आकडा तीन आहे.

माहितीपट्टीवरही तीन आहे. आरसी बुकात आठ आहे. पट्टी याच चासीची ठरली आणि आरसी बुक लिहिताना आकडा चुकीचा उतरवला गेला हेही समजले. आकडे एका रेषेत, समान खोलीचे आहेत. आजूबाजूला वेल्डिंग किंवा भरलेली जागा नाही. चासी मागे वाढवलेली आहे, पण तो जोड मागच्या चाकाच्या पलीकडे असल्याने क्रमांकाच्या भागाशी त्याचा संबंध येत नाही.

२० फेब्रुवारी

आरसी बुक नीट वाचले. ते मूळ नसून दुय्यम प्रत आहे. काकांच्या ट्रंकेत सापडलेल्या खरेदीच्या कागदांनुसार त्यांच्या वडिलांनी हा ट्रक १९७१ मध्ये दुसऱ्या जिल्ह्यातील एका वाहतूकदाराकडून जुना घेतला होता. नव्या जिल्ह्यात नोंद झाली ते साल पुढे दुय्यम प्रत लिहिताना उत्पादनाच्या रकान्यात उतरले असावे. जुन्या गाड्यांच्या कागदांत हे वारंवार आढळते, तेव्हा आरसी बुकातील वर्ष पाहताना ती प्रत कधी आणि कुठे दिली गेली हे आधी पाहावे.

पहिल्या जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदवहीच्या उताऱ्यासाठी लेखी अर्ज केला. अर्जात जुना नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक तीन आणि आठ अशा दोन्ही वाचनांसह, आणि पेन्सिलचा छाप जोडला.

१८ मार्च

बराच पाठपुरावा करावा लागला. जुन्या वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या इमारतीत हलवला होता आणि पहिले उत्तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे आले होते. त्या उत्तरावर थांबू नये. क्रमांकाची मालिका आणि अंदाजे वर्ष दिल्यावर तिथल्या जुन्या लिपिकांनी स्वतः वही शोधून काढली. त्यांच्या या आस्थेशिवाय पुढचे काही झाले नसते.

नोंद मार्च १९६१ ची आहे. चासी क्रमांकात तीन आहे. सिलिंडर सहा, इंधन डिझेल, इंजिन क्रमांकाची सुरुवात ३१२. वजने पौंडांत लिहिलेली आहेत. आपल्याकडे वजनांची मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये ती सर्वत्र सक्तीची झाली, त्यामुळे १९६१ च्या नोंदीत पौंड असणे काळाशी सुसंगत आहे. नंतर कोणी मागची तारीख घालून केलेल्या नोंदीत किलोग्रॅम आले असते.

कारखान्यातून चासी निघणे, विक्रेत्याकडे पोहोचणे, सुताराकडे केबिन आणि हौदा बांधून होणे आणि मग पासिंग, यात काही महिने जात. माहितीपट्टी सप्टेंबर १९६० च्या आधीची नाही आणि नोंदणी मार्च १९६१ ची आहे. ट्रकचे उत्पादन १९६० च्या अखेरीचे किंवा १९६१ च्या अगदी सुरुवातीचे, असे ठरवून हा भाग पूर्ण केला. काकांना पहिल्या लॉटची गोष्ट सोडणे जड गेले, पण वडिलांचा ट्रक महाराष्ट्र राज्याच्या पहिल्या वर्षातला आहे हे कळल्यावर त्यांनी नोंदीची झेरॉक्स देवघराशेजारच्या कपाटात ठेवली.

३१ मार्च

आता इंजिन. काकांचे म्हणणे असे की इंजिन कधी बदललेले नाही, फक्त ‘काम केले’ आहे. इंजिनला हात लावण्याआधी इंजिनाभोवतीचे, कोणालाही बदलण्याची गरज न पडणारे भाग तपासले.

डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला धुळीने भरलेले, जाळीदार तोंडाचे एक छोटे गोल बटण आहे. जाळीमागे जाड तारेचे वेटोळे आहे. हा हीटर प्लगचा दर्शक आहे: सकाळी इंजिन सुरू करण्याआधी स्विच ओढून धरायचा, जाळीतली तार लाल झाली की प्लग तापले असे समजून सेल्फ मारायचा. मागे वायर कापलेली आहे आणि टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पूर्वज्वलन कक्षाच्या इंजिनाला थंडीत हीटर प्लग लागतात, थेट फवारणीच्या ६९२ ला ते नसतात.

दुसरी खूण ॲक्सिलरेटरच्या दांड्यात मिळाली. ओएम ३१२ च्या डिझेल पंपावर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) असतो. ॲक्सिलरेटरचा दांडा पंपाकडे न जाता इनटेकच्या तोंडावरील झडपेकडे जातो आणि तिथून व्हॅक्यूमची नळी पंपाच्या पडद्याकडे येते. या ट्रकच्या पुढच्या पत्र्यावर इनटेकच्या उंचीवर जुना आधार रिकामा उभा आहे आणि सध्याचा दांडा मध्ये तुकडा वेल्ड करून खाली पंपापर्यंत आणलेला आहे. ट्रक बाहेर पडला तेव्हा त्यात ३१२ जातीचे इंजिन होते याबद्दल आता शंका उरली नाही. सध्या आत काय आहे हा प्रश्न वेगळा.

१४ एप्रिल

ब्लॉकवरील क्रमांकाची सपाट जागा साफ केली. क्रमांक नोंदवहीतील इंजिन क्रमांकाशी आकड्याला आकडा जुळतो. इथे काम संपले असे वाटण्याचा मोह होतो, पण ठोकणी पाहून थांबावे लागले. आकडे वरखाली आहेत, दोन आकडे तिरपे आहेत आणि एकाची खोली दुसऱ्याच्या दुप्पट आहे. चासीवरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यावर हे हाताने, एकेक पंच धरून ठोकलेले आहेत हे स्पष्ट होते. ब्लॉक फुटल्यावर दुसरा ब्लॉक बसवून त्यावर जुनाच क्रमांक ठोकण्याची पद्धत बऱ्याच गॅरेजांत होती. कायद्याने इंजिन बदलल्यास १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते, ते टाळण्यासाठी हा उपाय केला जाई. क्रमांक जुळणे म्हणजे इंजिन मूळ असणे नव्हे, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे आणि असा ट्रक विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे.

२८ एप्रिल

हेड उतरवले. बोल्ट गंजलेले असल्याने आधी चार दिवस डिझेल आणि ऑइलचे मिश्रण सोडत होतो. तरीही एक स्टड तुटला, तो काढायला लेथवाल्यांना बोलवावे लागले. मजुरी, स्टड आणि नवे गॅस्केट मिळून पाच हजारांच्या वर खर्च झाला.

हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला नोझलचे एकच भोक आहे. हीटर प्लगची जागा नाही, बुजवलेलीही नाही. नोझल अनेक बारीक छिद्रांचे आहेत. पिस्टनच्या डोक्यात मध्यभागी वाटीसारखा खोल खळगा आहे. हे सारे थेट फवारणीचे भाग आहेत. परंतु हेड आणि पिस्टन हेही बदलता येणारे भाग असल्याने ब्लॉकचे मोजमाप घेणे गरजेचे होते.

पहिला पिस्टन सर्वांत वर आणि सर्वांत खाली नेऊन ब्लॉकच्या पृष्ठभागापासून खोली मोजली: स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, १२० मिलिमीटर. बोअर गेज सिलिंडरच्या तळाकडे, रिंग जिथे पोहोचत नाहीत अशा न झिजलेल्या भागात लावला. वरच्या भागात झिजेमुळे माप फसवे येते. तळाकडे बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९२ मिलिमीटरच्या किंचित वर आहे.

या घराण्यातील इंजिनांची मापे अशी: ओएम ३१२ चा बोअर ९० आणि स्ट्रोक १२०, ओएम ३२१ चा ९५ आणि १२०, ओएम ३५२ चा ९७ आणि १२८. टाटांच्या नावांत मापच दडलेले आहे: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ चा बोअर, स्ट्रोक १२०, तर ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ चा बोअर, स्ट्रोक १२८. स्ट्रोक क्रँकशाफ्टवर अवलंबून असल्याने झिजेने किंवा बोअरिंगने बदलत नाही, म्हणून १२० मिळताच ३५२ आणि ६९७ बाद झाले. बोअर वाढतो, कमी होत नाही, त्यामुळे ९५ चे ३२१ ही बाद झाले. उरले दोन: मूळ ६९२, किंवा दोन मिलिमीटर बोअर वाढवलेले ३१२. केवळ मापावर याचा निकाल लागत नाही.

निकालाच्या जवळ नेणारी खूण पिस्टनवर होती. डोक्यावरचा कार्बन रॉकेलने मऊ करून लाकडी कामटीने काढला तेव्हा ‘एसटीडी’ (स्टँडर्ड, म्हणजे मूळ माप) अशी अक्षरे दिसली. बोअर वाढवून बसवलेल्या पिस्टनवर वाढीचे माप लिहिलेले असते. हा ९२ च्या मूळ मापाचा पिस्टन आहे.

१२ मे

ब्लॉकच्या बाजूवर ओतकामातच उमटलेला, उठावाचा क्रमांक असतो. पंचाने ठोकलेला क्रमांक कोणीही बदलू शकतो, ओतलेला क्रमांक बदलण्याचे कोणाला कारण नसते. तो एक्झॉस्टखालच्या काजळीत होता. कॉस्टिकच्या पाण्याने धुऊन, हातमोजे घालून, पितळी ब्रशने काढला. मर्सिडीजच्या भाग-क्रमांकात पहिले तीन आकडे तो भाग ज्या प्रकारासाठी प्रथम आखला गेला त्याचे असतात, म्हणून ३१२ च्या ब्लॉकवर सुरुवातीला ३१२ अपेक्षित आहे. इथे तसे नाही. फोटो आणि मापे घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अनेक वर्षे या इंजिनांचे बोअरिंग करणाऱ्या कारागिरांना दाखवली. त्यांनी फोटो पाहताच ६९२ म्हणून सांगितले आणि शेजारी कामाला आलेल्या ६९२ च्या ब्लॉकवरची तीच ओतीव आकड्यांची रचना दाखवली.

ट्रक १९६०-६१ चा, मूळ इंजिन ओएम ३१२, सध्याचे इंजिन नंतरच्या काळातले ६९२ आणि त्यावरचा क्रमांक मूळ इंजिनाचा. हे चारही मुद्दे, फोटो, पेन्सिलचा छाप आणि उताऱ्याच्या प्रतीसह एका फाइलमध्ये लावले. आरसी बुकातील चासीचा आकडा दुरुस्त करून घेण्याचा अर्ज आणि इंजिन बदलाची माहिती एकत्रच द्यावी, असे काकांना सुचवले आहे. ६९२ चे हेड नवे गॅस्केट घालून परत बसवले. ट्रक चालता राहावा यासाठी हे इंजिन उत्तम आहे आणि त्याचे भाग आजही मिळतात.

९ जून

ट्रकसाठी मूळ जातीचे ३१२ इंजिन शोधताना एका खडी क्रशरवर जनरेटरला जोडलेले ‘मर्सिडीजचे जुने इंजिन’ विकायचे आहे असे समजले. विकणाऱ्यांनी ते ३१२ असल्याचे खात्रीने सांगितले आणि पंचेचाळीस हजार मागितले. हीटर प्लग सहाच्या सहा जागेवर होते, पंपावर पडद्याचा गव्हर्नर होता, त्यामुळे आशा वाढली. हेड आधीच उतरवलेले असल्याने तिथेच मापे घेता आली: स्ट्रोक १२०, तळाकडचा बोअर ९५. ब्लॉकवरच्या ओतीव क्रमांकाची सुरुवातही ३२१ ने होती. इंजिन चांगले आहे, पण या ट्रकचे नाही. बयाणा दिला नाही. बारामतीकडच्या एका विहिरीच्या पंपावर आणखी एक इंजिन असल्याचे कळले आहे. तिथे जाताना बोअर गेज, खोली मोजण्याचे व्हर्निअर आणि पितळी ब्रश बरोबर न्यायचे आहेत आणि हेड उतरवू देण्याची अट फोनवरच घालायची आहे.